परचक्र आणि पोथी

यादवकाळाचा इतिहास लिहिणारे बहुतेक विद्वान देवगिरीच्या तटावर उभे राहून खाली पाहतात. तेथून राजे दिसतात, फौजा दिसतात, दानपत्रे व शिलालेख दिसतात. लीळाचरित्राची दृष्टी याहून निराळी आहे. म्हाइंभटांनी परिश्रमपूर्वक गोळा केलेल्या लीळा आपणांस देवळाच्या ओसरीवर, नदीच्या घाटावर, शेताच्या बांधावर किंवा एखाद्या बाइसेच्या चुलीपाशी नेऊन बसवितात. त्या काळातील लोक काय खात होते, कोठे निजत होते, कशास भीत होते व कोणापुढे हात जोडत होते, हे जाणावयाचे असेल तर या ग्रंथासारखा दुसरा साक्षी मराठीत नाही. परंतु याच काळात महाराष्ट्रावर फार मोठे परचक्र आले, राज्य बुडाले आणि आपल्या पूर्वजांना रानोमाळ व्हावे लागले. दैनंदिन जीवन, युद्ध आणि धर्म या तिन्हींची गाठ आपल्या ग्रंथांतून कशी पडते, याचा थोडा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. जालना जिल्ह्याच्या भूमीचा आधार घेऊन तो केल्यास विषय डोळ्यांपुढे उभा राहील.

जालना हा जिल्हा म्हणून १९८१ साली अस्तित्वात आला असला, तरी ही भूमी आपणांस नवी नाही. उत्तरेस भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, केळणा नदीच्या काठी आहे. भरहुत व सांची येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख येतो, यावरून या नगराचे वय लक्षात यावे. दक्षिणेस गोदावरी वाहते आणि तिच्या काठाने वर गेले की प्रतिष्ठान लागते. पूर्वेस लोणार जवळच आहे. ईशान्येस वर्‍हाड ओलांडले की श्रीक्षेत्र ऋद्धिपूर. गंगातीर आणि ऋद्धिपूर ही दोन स्थाने आपल्या पूर्वजांच्या जाण्यायेण्याची दोन टोके होती, आणि हा सारा टापू त्यांच्या मधला आहे. भोकरदन तालुक्यात जयदेववाडी येथे जाळीचा देव हे स्थान आहे. तेथील जाळीत सर्वज्ञांनी वाघाची पिले जवळ घेतल्याची लीळा परंपरेने सांगितली जाते. आज यात्रेच्या दिवशी तेथे वाहनांची रीघ लागते. त्या काळी तेथे रान होते व रानात वाघ होता, एवढे स्मरण ठेवून स्थानास दंडवत घातल्यास लीळेचा अर्थ अधिक कळतो.

प्रथम दिवसाचा क्रम पाहू. लीळाचरित्रात उदयाचा पूजावसर, मग विहरण, मग आरोगणा, पहुड, उपहुड आणि रात्रीची व्याळी असा क्रम शेकडो वेळा येतो. नव्या वाचकास ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, आणि काही विद्यार्थी तर हे शब्द ओलांडून पुढे ‘महत्त्वाची’ लीळा शोधतात. असे करू नये. या आवर्तनातच त्या काळाचे जगणे उतरले आहे. विहरणास जाणे म्हणजे गावाबाहेरच्या देवळाकडे जाणे. देऊळ हे केवळ पूजेचे स्थान नव्हते. वाटसरूचा उतारा, विद्यार्थ्यांची शाळा, गप्पांचा पार आणि प्रसंगी आश्रयाची जागा, हे सर्व तेच होते. भोकरदन तालुक्यातीलच अन्वा येथील यादवकाळचे शिल्पसमृद्ध मंदिर लोक आजही ‘मढ’ या नावाने ओळखतात. हा मढ शब्द आपल्या ग्रंथांत पावलोपावली येतो. अन्व्याच्या त्या जोत्यावर बसून ग्रंथातील मढाचे वर्णन वाचावे, म्हणजे चौक, पटिशाळा, आग्नेय कोन, उत्तराभिमुख द्वार या शब्दांना आकार येतो.

आता गावाच्या वेशीकडे वळू. मराठवाड्यातील कितीतरी गावांत वेशीबाहेर किंवा मारुतीच्या पारापाशी शेंदूर फासलेले उभे दगड असतात. लोक त्यांना देव म्हणून तेल घालतात. हे वीरगळ होत. त्यांवर सामान्यतः एकावर एक असे तीन कप्पे असतात. तळाच्या कप्प्यात लढाई कोरलेली असते आणि पुष्कळदा शेजारी गाईही असतात, कारण गावाचे गोधन पळविणारी धाड हेच त्या काळच्या खेड्याचे नित्याचे युद्ध होते. मधल्या कप्प्यात मेलेल्या वीरास अप्सरा वर नेतात. सर्वांत वर तो वीर शिवलिंगाची पूजा करीत बसलेला दिसतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. एका दगडात दैनंदिन जीवन, युद्ध व धर्म तिन्ही आले. गाईंसाठी मेलेल्या त्या पुरुषाविषयी आपण अनादर बाळगू नये. त्याच्या गावाने त्याचे ऋण दगडावर नोंदवून ठेवले, हे योग्यच केले.

तथापि ब्रह्मविद्येच्या अभ्यासकाने त्या वरच्या कप्प्याविषयी विचार केला पाहिजे. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध आणि परमेश्वर नित्यमुक्त, हे आपले शास्त्र. कैलास असो वा वैकुंठ असो, देवतांपासून मिळणारे फळ हे देवताफळच. ते भोगून सरते आणि जीव पुन्हा संसारात येतो. रणात पडणार्‍यास मोक्ष मिळतो असे मानणार्‍या समाजात सर्वज्ञांनी हा विवेक सांगितला, याचे धैर्य आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ज्या काळी प्रत्येक वेशीवर पराक्रमाचे स्वर्गफळ दगडावर कोरलेले होते, त्या काळी ते फळही नाशवंत आहे असे म्हणणे ही साधी गोष्ट नव्हे.

सशाची लीळा या दृष्टीने पुन्हा वाचावी. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन सर्वज्ञांच्या जानूतळी लपला. पारध्यांनी तो मागितला. सर्वज्ञांनी शरण आलेल्या जीवास दिले नाही, आणि गवत खाऊन राहणार्‍या या प्राण्याने तुमचे काय वाईट केले, असा प्रश्न त्यांना केला. पारध्यांचे मन पालटले. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, शस्त्र हाती असलेल्या माणसांना सर्वज्ञांनी धिक्कारले नाही. त्यांना विचार करावयास लावले. अहिंसेचा हा उपदेश निःशस्त्र साधकांच्या मंडळीत बसून केलेला नव्हता, तो शस्त्रधार्‍यांच्या समोर केलेला होता. पुष्कळ निरूपणकार सशाच्या भाग्यावर थांबतात. मला पारध्यांचे भाग्य अधिक वाटते.

लोणार येथील भेटीची लीळाही याच ओळीतील आहे. यादव राजा कान्हरदेव सर्वज्ञांच्या दर्शनास आला आणि त्याने द्रव्य पुढे ठेवले. ते स्वीकारले गेले नाही. राजसत्तेशी वैर नाही आणि तिचा आश्रयही नाही, ही वृत्ती पुढे श्रीनागदेवाचार्यांच्या काळातही टिकली. नरेंद्रकवीने आपल्या रुक्मिणीस्वयंवरास रामदेवरायाचे नाव द्यावे, प्रत्येक ओवीस सुवर्णनाणे मिळेल, असे राजाने म्हटले आणि कवीने ते नाकारले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे.

उलट ऋद्धिपुरात काय घडले पाहा. तेथील मातंगांना पाण्याचे दुर्भिक्ष्य होते. त्यांनी श्रीगोविंदप्रभूंना विनविले आणि प्रभूंनी विहीर खणण्याची जागा दाखविली. राजाच्या दानाची थोरवी सांगणारे शिलालेख पुष्कळ आहेत. गावकुसाबाहेरच्या लोकांच्या घशाला पाणी कसे मिळाले, हे मात्र म्हाइंभटांनीच लिहून ठेवले.

आता युद्धाकडे येऊ. यादवांचे राज्य शांततेचे होते आणि अकस्मात एक दिवस परकी फौज आली, अशी समजूत प्रचलित आहे. ती बरोबर नाही. सिंघणदेवाने माळवा, गुजरात व दक्षिणेकडील होयसळ यांच्याशी दीर्घकाळ युद्धे केली. महादेवरायाने उत्तर कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा पाडाव केला, आणि तो सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. रामदेवरायास सिंहासन मिळाले तेही महादेवाचा पुत्र आमणदेव यास दूर करून. म्हणजे सर्वज्ञ महाराष्ट्रात विहरत होते त्या कान्हरदेव, महादेव व रामदेव यांच्या राजवटींत तलवार कधी म्यानात स्थिर राहिली नव्हती.

अलाउद्दीन खलजी १२९६ साली देवगिरीवर आला. जुन्या पाठ्यपुस्तकांत १२९४ हे वर्ष आढळते, अभ्यासकांनी ते दुरुस्त करून घ्यावे. कडा-माणिकपूरहून निघून विंध्य ओलांडून तो एलिचपुरास, म्हणजे अचलपुरास आला. अचलपूर आणि ऋद्धिपूर यांतील अंतर फार नाही. ज्या गावात राउळ मुलांबरोबर खेळत होते, कोणाच्याही घरात शिरून हातास येईल ते आरोगीत होते आणि ज्यांना सारे गाव माय व बाप म्हणत होते, त्या गावाच्या शिवारापासून दोन-तीन दिवसांच्या पायी वाटेवर ही घोडदळाची फौज उतरली होती. श्रीप्रभूंच्या देहावसानास तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती.

पुढचा वृत्तांत मुसलमान इतिहासकारांनी दिला आहे. सोबत सुमारे आठ हजार स्वार होते. लासूरच्या घाटापाशी कान्हा नावाच्या यादव अधिकार्‍याने त्यांना अडविले. त्याच्या बाजूने दोन स्त्रिया लढल्या असे इसामीने १३५० साली पूर्ण केलेल्या ग्रंथात लिहिले आहे, आणि शत्रुपक्षाच्या लेखणीतून आलेली ही साक्ष असल्यामुळे तिचे मोल अधिक. राजपुत्र मुख्य सैन्य घेऊन दूर गेला होता. रामदेवरायाने किल्ल्याचा आश्रय घेतला. कोकणातून आलेल्या व्यापार्‍यांची पोती पायथ्याशी होती, ती धान्याची समजून घाईने वर चढविण्यात आली आणि उघडल्यावर त्यांत मीठ निघाले, असे फिरिश्ता सांगतो. फिरिश्त्याने हे तीन शतकांनी लिहिले. त्याने दिलेले सहाशे मण सोन्याचे व सात मण मोत्यांचे आकडे मी तरी सावधपणेच घेईन. पण मिठाची पोती विसरता येत नाहीत. दुर्ग अभेद्य होता, खंदक होता, कडा तासलेला होता, आणि आत माणसांना खावयास नव्हते. राज्याची सारी महती शेवटी चुलीपाशी येऊन अडली.

त्यानंतर मलिक काफूरच्या स्वार्‍या झाल्या. १३१८ पर्यंत हरपालदेवाचा वध होऊन यादवांचे राज्य संपले.

या पाडावाची दोन स्पष्टीकरणे आपल्या कानी वारंवार येतात. दोन्हींचा परामर्श घेणे अवश्य आहे.

पहिले स्पष्टीकरण आपल्याच मंडळीत सांगितले जाते. हेमाद्रीपंडिताने व पैठणच्या धर्मसभेने सर्वज्ञांचा छळ केला, त्याचे फळ म्हणून देवगिरी बुडाली, असे काही निरूपणांत ऐकू येते. श्रोत्यांना हे आवडते, सांगणारासही सोपे जाते. परंतु शास्त्राच्या कसोटीवर ते टिकत नाही. सर्वज्ञांचे उत्तरापंथे गमन शके ११९६, म्हणजे १२७४ सालचे मानतात. स्वारी झाली त्यानंतर बावीस वर्षांनी. त्या स्वारीत लुटले गेले ते कोण? वाटेवरची खेडी, व्यापारी, कुणबी, तेली, माळी. सभेत बसून निर्णय देणार्‍या पंडितांशी त्यांचा काय संबंध? याहून मोठी गोष्ट अशी की त्याच धामधुमीत आपल्या पंथाचीही वाताहत झाली आणि आपला ग्रंथ गेला. दंडच असेल तर तो आपणांसही का झाला, याचे उत्तर या निरूपणकारांनी द्यावे. आणि मूळ मुद्दा परमेश्वराच्या स्वभावाचा आहे. परमेश्वर कृपाळू आहे, तो जीवाच्या उद्धारासाठी अवतार घेतो. सूड घेणारा परमेश्वर ब्रह्मविद्येत कोठेच नाही. कर्मफळाची व्यवस्था ही देवताचक्राकडची. आपल्या अपमानाचा बदला म्हणून सर्वज्ञांनी राज्य बुडविले असे म्हणणारा सर्वज्ञांचा गौरव करीत नाही, त्यांना देवतांच्या पंक्तीस आणून बसवितो.

दुसरे स्पष्टीकरण बाहेरच्यांचे आहे. धर्माने महाराष्ट्रास दुबळे केले, असा त्याचा आशय. इतिहासाचार्य राजवाडे यांनी हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणीतील व्रतवैकल्यांवर कडक टीका केली आणि संतांच्या निवृत्तीवरही केली. व्रतांच्या अतिरेकाविषयी त्यांचे म्हणणे आपणांस मान्य होण्यासारखे आहे, कारण तो देवताभक्तीचाच विस्तार. पण किल्ला व्रतांनी पडला, की फौज दूर असल्याने, उत्तरेकडून येणार्‍या शत्रूची वेळेवर वार्ता न लागल्याने आणि कोठारात धान्य नसल्याने पडला? मूठभर भिक्षुकांनी शस्त्र धरले नाही म्हणून ज्याचे राज्य जाते, त्याचे राज्य मुळातच डळमळीत असले पाहिजे. शिवाय वासनिकांनी आपला प्रपंच व आपले व्यवसाय चालवावेत, अशीच पंथाची व्यवस्था होती. संन्यस्ताचा आचार सर्व प्रजेवर लादलेला नव्हता.

मग परचक्राच्या काळी आचारधर्माने काय केले? सर्वज्ञांनी साधकास सांगितलेले नियम आठवावेत. आप्तांचा गाव सोडावा, एका ठिकाणी घर करू नये, भिक्षा मिळेल ती खावी, लोकांच्या नजरेआड विजनात वृक्षातळी स्मरणात राहावे, संग्रह करू नये, तेलंग व कर्नाटक प्रांतांकडे न जाता महाराष्ट्रातच असावे. हे सर्व मोक्षमार्गासाठी सांगितले होते, युद्धासाठी नव्हे. परंतु युद्ध आले तेव्हा ज्यांची कोठारे होती त्यांची कोठारे गेली, ज्यांची देवळे होती त्यांची देवळे गेली. ज्याच्याजवळ झोळी व काठी एवढेच होते, त्याच्याकडून काय न्यावयाचे? मठ नव्हता म्हणून मठ पडला नाही. मूर्तीवर पंथ अवलंबून नव्हता म्हणून मूर्ती भंगल्याने पंथ भंगला नाही. स्थानांचे ओटे मातीदगडाचे होते, ते पुन्हा लिंपता आले.

एकच वस्तू अशी होती की जी या निःसंग मंडळींजवळ संग्रहाने राहिली होती, आणि ती म्हणजे पोथी. आणि नेमकी तीच गेली.

म्हाइंभटांनी सर्वज्ञांच्या सन्निधानी राहिलेल्या एकेकास गाठून, विचारून, श्रीनागदेवाचार्यांकडून पडताळून लीळा लिहिल्या होत्या. ती मूळ प्रत खालशाच्या धाडीत नाहीशी झाली, असे आपली परंपरा सांगते, आणि अभ्यासक या धाडीचा संबंध चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या स्वार्‍यांच्या धामधुमीशी जोडतात. देवगिरीचे सोने गेले त्याचा शोक आपल्या ग्रंथांत नाही. पोथी गेल्याचे दुःख मात्र आजही पाठ घेताना गुरुमुखातून ऐकावयास मिळते.

पुढे ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो स्मरणातून. हिराइसा ही एकपाठी होती, एकदा ऐकलेले तिच्या स्मरणात राहत असे. तिने सांगितलेल्या लीळांवरून पाठ तयार झाला. परशरामबास, रामेश्वरबास यांचेही पाठ झाले, आणि या सर्वांतून पिढीपाठाची परंपरा चालली. वासनिक भगिनींनी हे ध्यानात घ्यावे की, मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ आज ज्या रूपात आपल्या हाती आहे, त्यात एका स्त्रीच्या स्मरणशक्तीचा वाटा फार मोठा आहे. आचार्यांकडे कोणी संस्कृतात लिहिण्याची इच्छा दाखविली तेव्हा, तसे केल्यास आमच्या म्हातार्‍या बायाबापड्या या ज्ञानास अंतरतील, असे त्यांनी म्हटले होते. ग्रंथ मराठीत राहिला म्हणूनच तो स्त्रियांच्या कानी व मुखी राहिला आणि धाडीनंतर तेथूनच परत मिळाला. आचार्यांनी हा निर्णय केला तेव्हा धाड व्हावयाची होती.

येथे पाठशोधनाचा एक मुद्दा विद्यार्थ्यांसाठी सविस्तर सांगणे जरूर आहे. लीळाचरित्र वाचताना मध्येच ‘हिराइसा’, ‘रामेश्वरबास’, ‘शोधु’, ‘एकी वासना’ अशा खुणा येतात. पुष्कळ वाचक त्यांना अडथळा समजतात. वास्तविक त्या खुणा म्हणजे धाडीने केलेल्या जखमांच्या कडा आहेत. स्मरणातून पाठ बांधणार्‍यांत जेथे मतभेद आढळला, तेथे त्यांनी एक मत दडपून दुसरे ठेवले नाही. अमुकाचे असे म्हणणे, दुसर्‍या वासनेप्रमाणे असे, असे लिहून दोन्ही राखले. ज्यांच्यापुढे संपूर्ण ग्रंथ नष्ट होण्याचा प्रसंग आला होता, त्यांना घाईने एकच गुळगुळीत पाठ करून टाकण्याचा मोह झाला असता तरी आपण त्यांना दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. म्हणून पाठ घेताना या खुणा गाळू नयेत. हल्ली काही छापील पुस्तकांत वाचकाच्या सोयीसाठी त्या काढून टाकलेल्या दिसतात. त्या सोयीपायी ग्रंथाची प्रामाणिकता उणी होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सकळ लिपीचा विचारही येथेच करावा लागतो. रवळोबासांच्या नावाशी जोडलेली ही लिपी, आणि तिच्याबरोबरच्या सुंदरी, अंक आदी लिप्या, यांमुळे पोथ्या जाणत्याशिवाय कोणास वाचता येईनात. शास्त्र अनधिकार्‍याच्या हाती जाऊ नये व त्यात कोणी भेसळ करू नये, हा हेतू सांगितला जातो. एकदा पोथी हरपल्याचा चटका बसलेल्या समाजास असे वाटणे स्वाभाविक होते. पण त्याची किंमतही द्यावी लागली. सहाशे वर्षे मराठी समाजास आपल्या भाषेतील हा ठेवा ठाऊक नव्हता आणि न वाचताच आपणांविषयी नाना प्रवाद उठले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला तेव्हा कोठे विद्वानांचे डोळे उघडले. ज्यांच्या संतटीकेचा आपण वर प्रतिवाद केला, त्याच राजवाड्यांचे हे उपकार मान्य करण्यात आपणांस संकोच नसावा.

शेवटी स्थानपोथीविषयी. यादवांचे राज्य बुडाले, दिल्लीच्या सुलतानाने १३२७ साली देवगिरीचे दौलताबाद करून राजधानी तेथे आणली, १३४७ मध्ये बहामनी राज्य झाले. अशा त्या चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी हे सर्वज्ञांच्या स्थानांचा मागोवा घेत होते. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणत्या मुखाचे, चौकातून किती पदे गेल्यावर आसनस्थान, भिंत पडली असेल तर जोते कोठे, अशी नोंद त्यांनी केली. तिचा पडताळा जालना जिल्ह्यातील साधकांना घेता येण्यासारखा आहे. भोकरदन, जाळीचा देव आणि गोदातीरावरील आपापल्या जवळची स्थाने घ्यावीत, पोथीतील दिशा होकायंत्राने पाहाव्यात, पदांचे अंतर टेपाने मोजावे, जुन्या जोत्याचा दगड दिसत असेल तर ओट्यावर नवी फरशी बसविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि हे सारे वहीत तारखेनिशी लिहून आपल्या महंतांकडे द्यावे. ज्या गावी पोथीचे वर्णन व आजचे स्थान यांत फरक आढळेल, तेथे तो फरकही तसाच लिहावा.